वळणावरची खुंटी

आमच्या घरात मला सगळे म्हणतात, ह्याच्या पोटात काही राहत नाही. खरंच आहे ते. ऑफिसात कोणाचं कोणाशी वाजलं, साहेब कोणावर उखडले, बाजारात कोण भेटलं — घरी येऊन चपला काढेपर्यंत माझं सगळं सांगून झालेलं असतं. म्हणूनच इतकी वर्षं कुणाला संशय आला नाही. एवढा बडबड्या माणूस काही लपवत असेल असं कुणाला वाटणार? पण एक गोष्ट मी लपवली आहे. बायकोला सांगितली नाही, सख्ख्या भावाला नाही. देवळात डोळे मिटून उभा असतानासुद्धा मनातल्या मनात तिच्या बाजूनं वळसा घालून जातो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो, तर तेही तितकंसं सोपं दिसत नाही.

आधी माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगतो. म्हणजे — खरं बोलायचं तर, वेळ काढतोय. पण ते कळल्याशिवाय पुढचं कळणारही नाही.

मी उंची मोजतो. वसईजवळच्या होळी गावातला मी, केळी आणि पानवेलींच्या वाडीत वाढलेला. मॅट्रिक झालो आणि शिंपण्याच्या कामातून सुटायचं म्हणून सरकारी खात्यात लेव्हल घेणारा म्हणून चिकटलो. जमीन समुद्रापेक्षा किती उंच, किती खोल, हे सांगायचं — बस्स, एवढंच माझं काम. लोकांना वाटतं उंची म्हणजे डोंगराची. डोंगराची उंची मोजणं काही फार कठीण नाही. आमच्या साहेबांकडे चामडी पेटीत घड्याळासारखं एक यंत्र होतं, ॲनरॉइड म्हणतात त्याला. हवेच्या दाबावरून ते उंची सांगतं. ते घेऊन आम्ही जीवदानीचा डोंगर चढलो होतो. वर जाईपर्यंत ढग आले, हवा बदलली आणि काट्यानं डोंगराची उंची पंधरा-वीस फुटांनी बदलून टाकली! आम्ही हसलो. डोंगराला काय, वीस फूट इकडे की तिकडे. पण खाडीकाठी एक फूट म्हणजे पीक की मीठ, एवढा फरक असतो. तिथे ते हवेचं यंत्र चालत नाही.

तिथे लागते डंपी लेव्हल. तिपाईवर बसवलेली दुर्बीण आणि तिच्या अंगाला काचेच्या नळीत एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आणला की दुर्बिणीची नजर अगदी सपाट रेषेत जाते. समोर एक माणूस चौदा फुटी लाकडी पट्टी उभी धरतो. रेषा पट्टीवर ज्या आकड्याला लागेल तो वहीत लिहायचा, वजाबाकी करायची, की कळलं जमीन किती चढली, किती उतरली. पोरखेळ वाटावा इतकं साधं काम.

पट्टीवर फुटांचे आकडे लाल आणि मोठे असतात. मधले बारीक भाग काळे. आता एक अडचण बघा. दुर्बीण पट्टीच्या फार जवळ असली तर तिच्यात पट्टीचा एवढासाच तुकडा मावतो. काळे भाग दिसतात, पण लाल आकडा त्यात असेलच असं नाही. मग जे दिसतंय ते चार फुटांच्या वरचं की पाच फुटांच्या वरचं, हे कसं कळणार? त्यावर उपाय आहे. "लाल दाखव!" असं ओरडायचं. पट्टीवाला पट्टी सावकाश वर उचलतो, खालचा लाल आकडा नजरेत येतो, तो वाचायचा, आणि पट्टी पुन्हा जागेवर. पानाला चुना लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागत नाही.

माझा पट्टीवाला होता गोमादादा. खाडीपलीकडच्या एका आगरी गावचा — गावाचं नाव लिहीत नाही. तेव्हा तो चाळिशीचा असेल, मी विशीतला. कागदावर तो खलाशी, म्हणजे आमच्या खात्यात पट्टी धरणारा, सामान वाहणारा मजूर, आणि मी त्याचा वरचा. पण मी त्याला दादा म्हणायचो, तो मला भाऊ. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पट्टीवरचे आकडे मात्र तो चेहरे ओळखावेत तसे ओळखायचा. भर वाऱ्यात पट्टी अशी सरळ धरायचा की ओळंबा लावायची गरज नाही. जवळून नजर घ्यायची असली की मी ओरडायच्या आत त्याचाच आवाज यायचा, "भाऊ, लाल दाखवू?" चिखलातून कसं चालायचं, भरतीच्या आधी कुठून निघायचं, हे मला त्यानंच शिकवलं. हे सगळं मुद्दाम सांगतोय. तो कसा होता हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

युद्ध चालू होतं. तांदूळ रेशनवर आला होता आणि वरून हुकूम सुटला होता की पडीक खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनी, लागवडीखाली आणा. गोमादादाच्याच गावाचं खाजण आमच्या वाट्याला आलं. खाडीच्या कडेनं मैलभर बांध घालायचा, खारं पाणी बाहेर अडवायचं आणि आत भात पिकवायचं. गावाच्या दृष्टीनं ही केवढी गोष्ट होती, सांगू? पंचवीस-तीस घरं, उंचवट्यावरची थोडीशी भातजमीन आणि बाकी सगळा जन्म मिठागरावर. बांध झाला तर पोरांच्या ताटात घरचा भात येणार होता. रेल्वेच्या मोरीवर, म्हणजे रुळांखालच्या लहान पुलावर, समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली होती. तिथून निघायचं, खाडीच्या वळणावळणानं खुंट्या ठोकत टोकापर्यंत जायचं, प्रत्येक खुंटीची उंची वहीत घ्यायची आणि परत मोरीवर येऊन हिशेब जुळतो का ते बघायचं. मग त्या खुंट्यांवरून बांधाचा माथा ठरणार होता.

आता जवळ आलो. इथे मला थोडं थांबावंसं वाटतंय — पण नको.

कामाच्या दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेब बघायला आले. मी एक आकडा घेतला आणि रुबाबात ओरडून सांगितला. समोरून दुर्बिणीची उंची नजरेनंच जोखून गोमादादा म्हणाला, "भाऊ, येकदा परत बघा, तीन नाय, दोन हाय." मी पाहिलं. दोनच होते. साहेब मोठ्यानं हसले आणि सगळ्या मजुरांच्या देखत म्हणाले, "गोमालाच लेव्हलर करू या, आणि ह्याच्या हातात पट्टी देऊ!" मजूर हसले. गोमादादाही हसला, पण माझ्याकडे बघून गप्प झाला. तो काही वाईट मनानं बोलला नव्हता. उलट माझी चूक साहेबांच्या नजरेस येण्याआधी सावरावी असंच त्याच्या मनात असणार. हे मला तेव्हाही कळत होतं. पण राग यायचा तो आलाच. मॅट्रिक झालेला माणूस मी, पांढरा सदरा घालून उभा — आणि मला एका निरक्षर खलाशानं चारचौघांत दुरुस्त केलं! रात्री जेवताना घास गोड लागेना, इतका मी चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीच्या मोठ्या वळणावर पोचलो. तिथे तिवराची दाट झाडी; लांबून नजर लागेना. म्हणून दुर्बीण खुंटीच्या अगदी जवळ लावावी लागली. गोमादादानं कडक जागा शोधून खुंटी ठोकली, पायानं दाबून पाहिली आणि पट्टी तिच्यावर उभी केली. मी डोळा लावला. काळे भाग स्वच्छ दिसत होते. लाल आकडा नव्हता. समोरून आवाज आला, "भाऊ, लाल दाखवू?"

मी हात हलवला. नको.

बास, एवढंच. नको म्हणून हात हलवला. का? भरती चढत होती म्हणून? तशी ती चढत होती, पण अजून अर्धा तास तरी होता. घाई होती म्हणून? नव्हती. कारण एकच — त्याचं ऐकायचं नव्हतं. आधीच्या खुंटीवरून मी अंदाज बांधला की चार असणार, आणि चार लिहिले. होते पाच. तिथून पुढच्या प्रत्येक खुंटीची उंची माझ्या वहीत खरीपेक्षा एका फुटानं जास्त लागत गेली. तुम्ही म्हणाल, एवढंच? माणूस चुकतो. हो, इथपर्यंत माणूसच चुकला होता.

चार दिवसांनी आम्ही परत मोरीवर आलो. झाडाखाली बसून मी बेरजा-वजाबाक्या केल्या. मोरीची उंची एक फूट जास्त आली. लेव्हलचं काम करणाऱ्याला अशा वेळी काय झालं हे कुणी सांगावं लागत नाही. कुठेतरी लाल आकडा चुकलाय. आणि कुठे चुकलाय हेही मला त्याच क्षणी माहीत होतं. हलवलेला हात आठवत होता. परत जाऊन ती एक नजर पुन्हा घ्यायला अर्धा दिवस लागला असता. फक्त अर्धा दिवस! पण त्यासाठी साहेबांना सांगावं लागलं असतं, की वळणावर चुकलो. साहेबांनी विचारलं असतं, लाल का नाही पाहिला? आणि गोमादादा तिथेच उभा असता.

संध्याकाळी घरी ओटीवर बसून मी वही नव्यानं लिहून काढली. आमच्यात वही खोडायची नाही आणि दुसऱ्यांदा उतरवायची नाही असा नियम आहे. जे शेतात लिहिलं तेच खरं. मी सांगितलं, चिखलानं पानं खराब झाली होती. परतीच्या वाटेवरच्या एका आकड्यात चाराचे पाच केले. एका चुकीवर दुसरी चूक चढवली आणि मोरीची उंची जिथल्या तिथे आली. जुनी वही आईच्या चुलीत घातली. माझं अक्षर पहिल्यापासून सुरेख आहे. साहेब नवी वही चाळून म्हणाले, "वा! अशी वही पाहिजे." आणि मला — लाज वाटते सांगायला — मला बरं वाटलं.

पुढे बांधाचं काम सुरू झालं. घरटी एक माणूस येत होता, बायका टोपल्या वाहत होत्या. काम वळणाच्या पुढे सरकलं तसे गावातले दोन म्हातारे येऊन उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की भादव्याच्या उधाणाला पाणी इथे फुगतं, बांध अजून हातभर वर घ्या. जन्मभर ती खाडी बघितलेली माणसं. मी काही बोलायच्या आत गोमादादा पुढे झाला. "बाबा, आपल्या डोल्यांना दिसतं ते येगलं, नि दुरबिनीला दिसतं ते येगलं. दुरबीन खोटं बोलत नाय." दुर्बिणीचा त्याला केवढा अभिमान होता! गावात तोच एकटा तिच्याबरोबर हिंडलेला. म्हाताऱ्यांनी त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. बरोबर आहे, असं.

ह्या क्षणाबद्दल मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. तेव्हा बोलता आलं नसतं का? "हातभर घ्या की वर, काय बिघडतं" असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चूक कबूल करायचीही गरज नव्हती. म्हाताऱ्यांचा मान राहिला असता, बांध उंच झाला असता आणि मी सुटलो असतो. पण माप वाढलं तर पुन्हा वही बघतील, असं मनात आलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी भात असं आलं की बघत राहावं. मी मुद्दाम सायकलनं जाऊन पाहून आलो होतो. माणसं मला केळीच्या पानावर जेवायला वाढत होती. आणि भाद्रपदात, पुनवेच्या मागच्यापुढच्या उधाणाला, भर दुपारी, वळणाच्या पुढे पाणी बांधाच्या माथ्यावरून आत आलं. आधी पातळ चादर आली म्हणतात. मग माती सुटली आणि तास-दीड तासात बांधाला भगदाड. पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं. मी पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून हातानं रोपं उपटत होत्या. त्यांचा काय उपयोग होता कोण जाणे. मी काठावर सायकल धरून उभा राहिलो आणि तसाच परत फिरलो.

चौकशी लागली. बाहेरून मोठे इंजिनियर साहेब आले. त्यांनी आपल्या माणसांकडून पुन्हा लेव्हल घेतली आणि डाकबंगल्यात आम्हाला बोलावलं. मी आणि ओव्हरसियर साहेब टेबलाशी; गोमादादा दारात, टोपी हातात. इंजिनियर साहेबांनी माझी वही उघडली. "वही अगदी जुळतेय," ते म्हणाले. "मग वळणापासून पुढे सगळा बांध एक फूट खाली कसा?"

वही जुळत होती! खोटी होती म्हणून जुळत होती. आणि ती जुळत होती म्हणजे चूक वहीत नव्हती. मग चूक राहिली कुठे? ज्या हातांनी खुंटी ठोकली त्या हातांत. मला काही रचावं लागलंच नाही. दोन वर्षांपूर्वी ओटीवर बसून मी जे लिहून ठेवलं होतं तेच आता दुसऱ्याच्या गळ्यात पडायला तयार होतं. वळणावरची खुंटी भगदाडात वाहून गेली होती. तिला विचारता येणार नव्हतं.

मी म्हणालो, "साहेब, वळणावरची खुंटी खलाशानं मऊ चिखलात ठोकली असावी. मागाहून खचली. पुढचा माथा तिच्यावरूनच धरत नेला होता."

खलाशानं. दोन वर्षं ज्याला दादा म्हटलं त्याचं नावसुद्धा घेतलं नाही मी. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तर निदान वांग्याकडे बघावं तरी — मी खिडकीकडे बघत बोललो.

गोमादादा म्हणाला, "कडक जागा बघून ठोकली होती, साहेब."

"खात्री देतोस?"

दुसरा कुणी असता तर छातीठोकपणे "हो" म्हणाला असता. मी तर नक्कीच म्हणालो असतो. पण तो खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "चिखलाची खातरी कशी देनार, साहेब?"

तेवढं पुरलं. त्याला कामावरून काढलं. मला एक लेखी ताकीद मिळाली, की खुंटीची जागा स्वतः तपासत जा. आणि पुढच्या वर्षी मी कायम झालो.

कामावरून काढलं हे काहीच नाही. गावात काय झालं ते मला मागाहून दुसऱ्या खलाशानं सांगितलं. खारजमिनीच्या गावाला एक उघाडी असते — बांधातलं दार. ओहोटीला तिची फळी उचलून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीच्या आधी न चुकता ती खाली टाकायची. ही फळी ज्याच्या हाती त्याच्या हाती अख्ख्या गावाचं भात. गोमादादाच्या घराण्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या होती, जुन्या लहानशा बांधापासून. त्याचा बाप, आजा, सगळे उघाडीवाले. गावानं बैठक घेतली आणि फळी दुसऱ्या घराला दिली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. दोन म्हाताऱ्यांपैकी एक एवढंच म्हणाला, की ज्याला स्वतःची खुंटी धरता आली नाही त्याच्या हाती फळी कशाला. गोमादादा उठला आणि दुसऱ्या दिवसापासून मिठागरावर मजुरीला जायला लागला. बांध पुन्हा होऊन ती जमीन गोडी व्हायला, तिच्यातलं मीठ धुऊन निघायला, पुढे तीन-चार पावसाळे गेले. तेवढी वर्षं त्या घरांतली पोरं रेशनच्या कण्यांवर राहिली. त्या प्रत्येक घराला वाटत होतं, की हे गोमामुळे.

मी काय केलं? काही नाही. त्या बाजूचं काम आलं की बदली मागून घ्यायचो. आणि कडक झालो. आज माझ्या हाताखालच्या पोरांना विचारा. प्रत्येक नजरेला, लांबची असो की जवळची, मी लाल दाखवायला लावतो. मागून मला लालसाहेब म्हणतात, मला माहीत आहे. नवीन आलेल्यांना माझी वही नमुना म्हणून दाखवतात. आता फूट जाऊन मीटर येणार म्हणे. पोरं म्हणतात, साहेब, तुमचं लाल जाणार. मीही हसतो त्यांच्याबरोबर.

तुम्हाला वाटेल, झालं सांगून. मलाही इतकी वर्षं वाटत होतं, की माझा गुन्हा तो डाकबंगल्यातला. तो सांगायचं धैर्य कधी आलं तर इथे थांबता येईल, असं वाटायचं. पण तसं राहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी, मी ओटीवर पान लावत बसलो होतो. वाडीच्या पायवाटेनं एक वाकलेला माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन आला. जवळ येईपर्यंत मी ओळखलं नाही. आवाजावरून ओळखलं. "भाऊ, वलखलं का?"

वाटलं, आला. कळलं ह्याला. आता सगळ्या वाडीत ओरडून सांगणार. मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. ओटीच्या कडेला टेकला, गाठोडं सोडलं. आत नवा तांदूळ होता. स्वातंत्र्यानंतर बांध पुन्हा घातला गेला, तेव्हापासून त्याच्या घरचं थोडंफार भात होत होतं. बायकोनं पाणी आणून दिलं, त्यानं ते पिऊन घेतलं. मग म्हणाला, पावसाळ्यात मोठं दुखणं काढलं, तेव्हाच ठरवलं होतं की बरा झालो तर एकदा भाऊंकडे जाऊन यायचं.

"भाऊ, ती खुंटी मीच कच्ची ठोकली आसंल. लय वरसं इचार केला. मना वाटायचं कडक जागा होती. पन तुमची वही जुलत होती. मंग चूक कोनाची? माझीच. माझ्या पायी तुमाला साहेबाचा बोल बसला, गावाचं भात गेलं. मना माफ करा."

आणि तो माझ्या पायांकडे वाकला.

पंधरा वर्षं तो त्या चिखलात पाय रोवून आठवत बसला होता. जागा कडक होती हे त्याला माहीत होतं — त्याच्या पायांना माहीत होतं! आणि माझ्या सुरेख अक्षरातल्या एका खोट्या वहीवर विश्वास ठेवून त्यानं स्वतःच्या पायांना खोटं पाडलं. मी त्याची नोकरी घेतली, फळी घेतली, हे मला ठाऊक होतं. हेही घेतलं आहे, हे तोवर ठाऊक नव्हतं.

ओटीवर आम्ही तिघंच होतो. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं — दादा, आकडा मी चुकलो. त्यानं मला काय केलं असतं? काही नाही. नोकरीला धोका नव्हता. इतक्या जुन्या गोष्टीची चौकशी कोण करतो? बायको दारात उभी होती, एवढंच. तिच्या डोळ्यांदेखत बोलावं लागलं असतं. आणि खरं सांगू? तो वाकला तेव्हा मला आधी लाज वाटली नाही. आधी हायसं वाटलं. त्याला कळलेलं नाही, म्हणून.

मी त्याला धरून उठवलं. म्हणालो, "जाऊ दे, दादा. चुका माणसाच्याच हातून होतात. मी मनात काही ठेवलेलं नाही."

तो रडला. मग डोळे पुसून चहा प्यायला, वाडीतल्या केळीचं कौतुक केलं, आणि जाताना आला होता त्यापेक्षा ताठ चालत गेला. बायको म्हणाली, "केवढं मोठं मन तुमचं! मला कधी बोलला नाहीत की तुम्हाला असा त्रास झाला होता." तो तांदूळ आम्ही पंधरा दिवस खाल्ला. चांगला होता, सुवासिक.

गोमादादा अजून आहे. त्याचं गाव माझ्या घरापासून सायकलनं आणि होडीनं मिळून दीड तासावर आहे. रविवारी मला सुट्टी असते. मी गेलेलो नाही. हे लिहिलं म्हणून आता जाईन, असंही मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात वसईच्या बाजारात तो दिसला. बरोबर त्याची सून होती. मला पाहून त्यानं लांबूनच हात जोडले आणि वळून सुनेला काही सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि भर बाजारात मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.